नेढं

आई गोधडी शिवायला बसते ती ओट्यावर, सकाळी दहा-अकराच्या उन्हात. घरात ट्यूबलाइट आहे, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की ती उठून बाहेर येते. दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करते, चिमटीत पिळून त्याला अणी आणते, सुई आभाळाकडे धरते आणि डोळे बारीक करते. "आत नेढं दिसत नाही गं," हे तिचं ठरलेलं वाक्य. सत्तरी ओलांडली तरी ती दुसऱ्याला दोरा ओवून मागत नाही.

सुईच्या भोकाला आमच्याकडे नेढं म्हणतात. सह्याद्रीत डोंगराच्या माथ्याला आरपार भोक पडलेलं असतं, त्यालाही नेढंच म्हणतात. रतनगडावर असं एक नेढं आहे. खाली रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. तिथून रानातून वर चढत गेलं, दोन लोखंडी शिड्या पार केल्या की गड लागतो, आणि गडाच्या सगळ्यात उंच भागात कातळाला हे भोक. आत पाच-पंचवीस माणसं सहज बसतील एवढं मोठं. एका अंगाला भंडारदऱ्याचं पाणी चमकत असतं, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे. गणपती उठले की सोनकी फुलते आणि नेढ्याखालचा सगळा उतार पिवळाधमक होतो. तिथे मी लागोपाठ चार वर्षं एकाच फोटोसाठी गेले. पुढ्यात हाताच्या अंतरावर सोनकीची फुलं, उजवीकडे नेढ्याची कातळभिंत, आणि आठ-दहा किलोमीटरवरचे ते तीन डोंगर. पाकळीपासून कुलंगच्या कडेपर्यंत सगळं रेखीव यायला हवं, एवढीच माझी मागणी होती. ती एवढीशी नाही, हे कळायला चार पावसाळे गेले.

पहिल्या वर्षी मी कॅमेऱ्यावर भरवसा टाकला. अठरा-पंचावन्न मिलिमीटरची झूम लेन्स, अठरावर ठेवलेली, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, एफ/५.६ (हा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक). ऑटोफोकसचा चौकोन डोंगरावर नेला, 'टिक' असा आवाज आला, फोटो काढला. मागच्या स्क्रीनवर तो इतका सुंदर दिसला की मी तिथेच बसून डबा खाल्ला. घरी येऊन मोठा करून बघितला तर अलंगच्या कातळाचे थर मोजून घ्यावेत असे आलेले, आणि सोनकीच्या जागी पिवळी पेज.

आमच्या गावातल्या स्टुडिओवाल्या काकांना तो फोटो दाखवला. काकांनी तीस-पस्तीस वर्षं लग्नं काढली, पण डोंगराचं वेड त्यांना माझ्याआधीपासून. त्यांनी काही न बोलता कपाटातून फिल्मच्या जमान्यातली एक अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स काढून माझ्या हातात दिली. धातूची, जड, आणि अंगावर आकडे कोरलेली. फोकसच्या कड्यावर अंतरं. त्याच्या खाली, मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, आरशात बघितल्यासारखे जोडीजोडीनं ॲपर्चरचे आकडे: ४, ८, ११, १६. "अनंताची खूण या अकरावर आण," काका म्हणाले. मी कडं फिरवलं, आडवा आठ उजवीकडच्या अकराच्या समोर आला. "आता डावीकडच्या अकरासमोर काय आहे ते वाच." तिथे सव्वा मीटरच्या आसपासचं अंतर होतं. "झालं. एफ/११ लावलंस तर तिथपासून क्षितिजापर्यंत डेप्थ मिळाली, म्हणजे सगळं स्पष्ट. मधली खूण बघ, फोकस डोंगरावर नाहीच. अडीच मीटरच्या अलीकडे कुठेतरी आहे, जिथे काहीच नाही."

जिथे काहीच नाही तिथे फोकस करायचा! ही गोष्ट मला पचायला वेळ लागला. त्या अंतराला हायपरफोकल म्हणतात हे नंतर वाचलं. लेन्सच्या फोकल लेंग्थचा, म्हणजे तिच्या त्या अठरा किंवा अठ्ठावीस मिलिमीटरच्या आकड्याचा, वर्ग करायचा, त्याला ॲपर्चरचा आकडा आणि 'किती धूसर चालेल' तो आकडा यांच्या गुणाकारानं भागायचं. उत्तरात फोकल लेंग्थ मिळवली की अंतर आलं. त्या अंतरावर फोकस केला की निम्म्या अंतरापासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. (शाळेत आम्ही फोकल लेंग्थला नाभीय अंतर म्हणत होतो. लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. भिंग उन्हात धरल्यावर कागद जळतो त्या बिंदूला केप्लरनं १६०४ साली ते नाव दिलं. आपल्याकडे नाभी, त्यांच्याकडे चूल; दोन्ही शब्द मला फार आवडतात.) आताच्या बहुतेक झूम लेन्सवर ते कोरलेले आकडे राहिले नाहीत. माझ्या लेन्सवर तर अंतराचीही पट्टी नाही, आणि फोकसचं कडं अनंताच्याही पुढे फिरतं. शेवटपर्यंत फिरवलं म्हणजे डोंगरावर फोकस बसला असं समजून मी कितीतरी फोटो वाया घालवलेत. नवशिक्यांना मी हे आवर्जून सांगते: कडं टोकाला नेऊ नका, स्क्रीनवर दहापट मोठं करून बघा आणि मग थांबा.

पण दुसऱ्या वर्षी मी काकांचं अर्धंच ऐकलं. ॲपर्चर बारीक केलं की डेप्थ वाढते ना, मग सगळ्यात बारीक का नको? एफ/२२ लावलं. या वेळी फुलं आणि डोंगर दोन्ही सारखेच आले, फक्त दोघांवरही कुणी दुधाचा हात फिरवल्यासारखे. कुठेच धार नव्हती. मला वाटलं लेन्स बिघडली.

लेन्सचा काही दोष नव्हता, तो प्रकाशाचा स्वभाव आहे. प्रकाश लाटेसारखा वागतो, आणि लाट अरुंद फटीतून गेली की पलीकडे पसरते. पाटाच्या दारातून वाफ्यात शिरणारं पाणी आठवा, दार जितकं चिंचोळं तितकं ते पलीकडे फाकतं. त्यामुळे ताऱ्यासारखा एखादा बिंदूही लेन्समधून बिंदू म्हणून उतरत नाही, त्याची बारीकशी चकती होते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८३५ साली तिचं गणित मांडलं, म्हणून ती एअरीची चकती. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला तिचा व्यास साधारण ०.०११ मिलिमीटर असतो, एफ/११ ला ०.०१५, आणि एफ/२२ ला जवळजवळ ०.०३. माझ्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो सेन्सर आहे, त्यावरचा एकेक पिक्सेल ०.००४ मिलिमीटरचा. म्हणजे एफ/२२ ला प्रत्येक बिंदू सात पिक्सेलभर पसरत होता, फोकस कितीही अचूक असला तरी.

हे कळल्यावर मी घरी एक खेळ केला. तो तुम्हीही करून बघा. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला सुईनं एक बारीक भोक पाडलं. मला आता चाळिशी लागली आहे, चष्म्याशिवाय पेपरातल्या जाहिराती वाचता येत नाहीत. चष्मा काढला, कागद डोळ्याला अगदी टेकवला आणि भोकातून पेपर बघितला. अंधुक होता, पण अक्षर न अक्षर लागलं! डोळ्यातलं भिंग म्हातारं झालं, त्याला जवळचा फोकस बसत नाही. पण प्रकाशाची वाट इतकी अरुंद केली की फोकस बसण्या-न-बसण्यानं फारसा फरकच पडत नाही. लेन्सच नसलेला कॅमेराही याच तत्त्वावर चालतो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला सूचिछिद्र कॅमेरा म्हटलं होतं, सुईच्या भोकाचा. त्याला डेप्थची चिंताच नसते. मात्र भोकाला एक बेताचं माप असतं. दहा सेंटिमीटर खोल डब्याला अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान भोक सगळ्यात चांगलं. त्याहून मोठं केलं तर चित्र फिस्कटतं, आणि लहान केलं तरीही फिस्कटतं.

आईलाही तो कागद दिला. तिनं त्यातून दिनदर्शिकेवरच्या तिथ्या वाचून दाखवल्या, हसली, आणि म्हणाली, "पण एका हातात हे धरू, दुसऱ्या हातात सुई धरू, मग दोरा कशानं ओवू?" तेव्हा मला तिचं ओट्यावर येणं उलगडलं. उन्हात बाहुली बारीक होते. डोळे किलकिले केले की पापण्या ती वाट आणखी अरुंद करतात. आई रोज आपलं ॲपर्चर बंद करत होती, तेही हात मोकळे ठेवून.

तिसऱ्या वर्षी मी गणित करून गेले. माझ्या लहान सेन्सरसाठी 'चालेल' तो आकडा ०.०२ मिलिमीटर धरतात. अठरा मिलिमीटर, एफ/११. उत्तर आलं दीड मीटर. म्हणजे पाऊण मीटरपासून पुढे सगळं ठीक. टेप घेऊन गेले होते. दीड मीटरवर पाण्याची बाटली ठेवली, तिच्यावर फोकस केला, कड्यावर चिकटपट्टी लावली, बाटली उचलली. फुलं पाऊण मीटरच्या जरा पलीकडे राहतील असा ट्रायपॉड लावला. फोटो छान आला. मोबाइलवर छान, लॅपटॉपवर छान. सगळ्यांनी कौतुक केलं. भावानं पुण्यात घर घेतलं होतं, हॉलमध्ये लावायला त्याला हाच फोटो हवा होता. छत्तीस इंच रुंद प्रिंट करून घेतली.

प्रिंट भिंतीवर चढली आणि माझा चेहरा उतरला. कुलंगची कड, जी स्क्रीनवर सुरीसारखी होती, ती इथे विस्कटली होती. वहिनी म्हणाली, "धुकं असेल ना तिकडे." धुकं नव्हतं. पावसानं धुऊन काढलेली भाद्रपदातली हवा होती, कुलंगच्या माथ्यावरची कातळाची पायरी डोळ्यांनी दिसत होती.

दोन रात्री मी त्या आकड्यांशी झटले, आणि मग मुळाशी गेले. 'चालेल' तो ०.०२ चा आकडा आला कुठून? त्याला इंग्रजीत सर्कल ऑफ कन्फ्यूजन म्हणतात, गोंधळाचं वर्तुळ. फोकसमध्ये नसलेला बिंदू सेन्सरवर वर्तुळ होऊन उतरतो. ते वर्तुळ पुरेसं लहान असेल तर बघणाऱ्याला तो बिंदूच वाटतो. पण 'पुरेसं' म्हणजे किती? जुन्या लोकांनी ठरवलं की दहा इंचांचा फोटो हातात धरून पाव मीटरवरून बघितला, तर ०.२ मिलिमीटरचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. माझ्या सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. दहा इंचांसाठी चित्र जवळपास अकरा पटींनी वाढतं, म्हणून सेन्सरवर ०.०२. सगळी तक्ते-कोष्टकं, मोबाइलवरची ॲप्स, सगळ्यांच्या पोटात ही दहा इंचांची चौकट बसलेली आहे. मी छत्तीस इंच केले. एकोणचाळीस पटींनी वाढ. तेच वर्तुळ भिंतीवर जवळजवळ ०.८ मिलिमीटर झालं, जाड रव्याच्या कणाएवढं. कुलंगची कड अशा कणांनी काढलेली होती.

म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड नावाची ठरीव जागा डोंगरात कुठेच नसते. अचूक फोकस एकाच प्रतलात असतो, त्याच्या पुढे-मागे लगेच धूसरपणा सुरू होतो, हळूहळू वाढत जातो. 'इथपर्यंत स्पष्ट' ही रेघ बघणाऱ्यासाठी आखलेली असते: तो किती मोठा फोटो बघणार, किती लांबून बघणार, त्याची नजर किती तिखट. मला हे समजल्यावर फार बरं वाटलं. फोटो काढतानाच तो कुठल्या भिंतीवर जाणार, कोण त्याच्यासमोर उभं राहणार याचा विचार करावा लागतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक गोष्ट त्या दोन रात्रींत हाती लागली, आणि ती मला सगळ्यात उपयोगाची वाटते. हायपरफोकलवर फोकस केला की डोंगर नेमके सहनशीलतेच्या काठावर उभे असतात. ते सगळ्यात वाईट चालण्याजोगे असतात. तोच फोकस दीड मीटरऐवजी तीन मीटरवर नेला, तर डोंगराचं वर्तुळ निम्मं होतं. बदल्यात जवळची हद्द पाऊण मीटरवरून एक मीटरवर येते, एवढंच. पंचवीस सेंटिमीटर गवत द्यायचं आणि सबंध सह्याद्रीची धार दुप्पट बारीक करून घ्यायची. हा सौदा मी डोळे झाकून करीन.

त्याच्याही पुढे जाऊन हॅरल्ड मर्कलिंगर या कॅनडातल्या अभ्यासकानं एक हिशोब मांडला आहे. सरळ अनंतावर फोकस करा. मग जवळ असो वा लांब, ॲपर्चरच्या भोकापेक्षा मोठी असलेली प्रत्येक वस्तू ओळखता येते. अठरा मिलिमीटरला एफ/८ म्हणजे भोक सव्वादोन मिलिमीटरचं. गवताचं पातं, शेवाळलेला दगड, सोनकीचं अख्खं फूल त्याहून मोठं, ते दिसणार. पाकळीच्या टोकाची धार त्याहून बारीक, ती जाणार. वाचून मी थक्क झाले. समोरच्या जगातली वस्तू लेन्सच्या नेढ्यातून जाते की नाही, एवढं बघायचं. पहिल्या वर्षी माझं भोक सव्वातीन मिलिमीटरचं होतं, म्हणून पाकळ्यांची पेज झाली.

या उलट 'चौकटीच्या एक-तृतीयांशावर फोकस करा' हा जो सल्ला सगळीकडे ऐकू येतो, त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. डेप्थचा एक भाग पुढे आणि दोन भाग मागे असं खरोखर घडतं, पण फक्त हायपरफोकल अंतराच्या एक-तृतीयांशावर फोकस केला तरच. बाकी कुठेही ते प्रमाण बदलतं. त्यापेक्षा साधा नियम बरा: सगळ्यात जवळची वस्तू जिथे असेल त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस केला, की ती वस्तू आणि क्षितिज दोन्ही सारखेच धूसर होतात. मग ते धूसर किती, हे ॲपर्चरवर. आणि कुणाला झुकतं माप द्यायचं, हे आपल्यावर.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते एकदम अमेरिकेत गेले. सॅन फ्रान्सिस्कोला १९३२ साली ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे फोटोग्राफर मंडळींनी मिळून एक गट काढला आणि त्याला नावच दिलं 'ग्रुप एफ/६४'. तेव्हा फोटो मुद्दाम धूसर करून तो चित्रासारखा दिसावा अशी टूम होती. यांना दगड दगडासारखा हवा होता. "मग त्यांना नाही का ती चकती आडवी आली?" मी विचारलं. एफ/६४ ला तर ती ०.०९ मिलिमीटरच्या घरात जाते. काकांनी टेबलावर दोन्ही पंजे पसरून माप दाखवलं. "निगेटिव्हच एवढी होती. आठ बाय दहा इंच. वेस्टन तर ती कागदावर ठेवून थेट प्रिंट काढायचा. वाढवायचंच नाही, तर चकती वाढणार कशी?" तोच प्रकाश, तीच चकती, पण माझ्या नखाएवढ्या सेन्सरवरून ती एकोणचाळीस पटींनी फुगते आणि त्यांच्या निगेटिव्हवर जशीच्या तशी राहते. शिवाय त्यांच्या कॅमेऱ्यात लेन्स पुढे कलती करता यायची. थिओडोर शाइमफ्लुग नावाच्या ऑस्ट्रियन सैन्यातल्या अधिकाऱ्यानं हवेतून काढलेल्या फोटोंवरून नकाशे करताना त्याचा नियम बसवला, १९०४ मध्ये पेटंट घेतलं. लेन्स कलली की फोकसचं प्रतल उभं न राहता आडवं पडतं, पायाशी असलेल्या फुलापासून लांबच्या डोंगरापर्यंत सतरंजीसारखं. तशा लेन्स आजही मिळतात. किंमत बघून मी ते पान बंद केलं.

या वर्षी मी तीन फोटो काढून एक करायचा ठरवलं. एफ/८, म्हणजे चकतीचा त्रास नाही. एक फोकस साठ सेंटिमीटरवर, दुसरा एक मीटरवर, तिसरा चार मीटरवर. हिशोबानं तिन्हींच्या हद्दी एकमेकींवर चढतात आणि अर्ध्या मीटरच्या आतपासून क्षितिजापर्यंत फट राहत नाही. नंतर घरी तिन्हींतला स्पष्ट भाग घेऊन जोडायचे. याला काही लोक फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपला डोळाही एका वेळी हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या दोन नखांएवढंच नीट बघतो, बाकी सगळं अंधुक. फुलाकडे बघतो तेव्हा कुलंग नसतो, कुलंगकडे बघतो तेव्हा फूल नसतं. नेढ्याखाली उभी राहून मी जे बघितलं असं मला वाटतं, ते अशा शंभर नजरांचं जोडकामच आहे.

रात्री गुहेत मुक्काम केला. रतनवाडीतले एक मामा बरोबर होते, ट्रायपॉड त्यांनीच खांद्यावर टाकला होता. पहाटे उतारावर आलो. "ताई, हीच फुलं की वाडीत, बांधावर हायेत," मामा म्हणाले. मग आजूबाजूला बघून, "तिथनं ह्यो डोंगर न्हाय दिसत, ते बी खरं."

जागा शोधायला अर्धा तास गेला, कारण फुलं तुडवायची नव्हती. मागच्या वर्षी कुणीतरी फोटोसाठी लोळून केलेला खड्डा अजून तसाच होता, त्यात या वर्षी फूल नव्हतं. मला ते बघवत नाही. पुढ्यात सुंदर फुलं हवीत म्हणून मागच्या शंभर फुलांवर गुडघे टेकायचे, हे माझ्या हातून तरी होऊ नये म्हणून मी आता उघडा कातळ सापडला तरच बसते. तसा एक सापडला, पाटाएवढा. ट्रायपॉडचे तिन्ही पाय फाकवून कॅमेरा फुलांच्या उंचीला आणला. लेन्सचं स्टॅबिलायझर बंद केलं, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि चष्मा लावून स्क्रीन दहापट मोठी केली.

सोनकीचं फूल असं कधी बघितलं नव्हतं. मधली पिवळी टिकली म्हणजे इवल्या इवल्या फुलांचा पुंजका आहे, कडेची उमललेली, आतली अजून मिटलेली. एका पाकळीवर दवाचा थेंब, आणि त्या थेंबात उलटा उजेड. कडं केसभर फिरवलं की थेंब मिटायचा आणि मागच्या देठावरची लव उठून दिसायची. परत केसभर, की थेंब. किती वेळ मी नुसती तेच करत बसले.

मग वारा आला. नेढ्यातला वारा म्हणजे फुंकणीतून यावा तसा येतो. मनात हिशोब चालूच होता: साठ सेंटिमीटरवरचं फूल सेकंदाच्या साठाव्या भागात दीड मिलिमीटर हललं, तरी सेन्सरवर ती रेघ ०.०५ मिलिमीटरच्या जवळ जाते, चालणाऱ्या वर्तुळाच्या दुप्पट. आणि तीन फोटोंत फूल तीन ठिकाणी असलं तर जोडणार काय? आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपायची ताकद, आठशेवर नेला, शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर आणलं. तरी फुलं डोलतच होती. मामा बघत होते. "ऊन वर आलं की आनखी उठंल वारं. तवर उरका." असं म्हणून त्यांनी अंगावरची घोंगडी काढली, दोन टोकं हातात, एक पायाखाली, आणि वाऱ्याच्या अंगाला ते स्वतः भिंतीसारखे उभे राहिले. फुलं थरथरली, मग थांबली.

साठ सेंटिमीटर. एक मीटर. चार मीटर. तिन्ही घेतले. आणखी तीनदा तिन्ही घेतले. मामांनी घोंगडी झटकून परत पांघरली.

घरी जोडताना दिसलं, डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातलं एक फूल घोंगडीच्या आडोशाबाहेर राहिलं होतं. ते तिन्ही फोटोंत वेगळ्या जागी होतं, आणि चारही संचांत तसंच. पुसून टाकता आलं असतं, शेजारचं फूल तिथे आणून बसवता आलं असतं. दोन-तीनदा हात तिथपर्यंत गेला. शेवटी पहिल्या संचातलं होतं तसं ठेवलं.

या वेळी प्रिंट भावाकडे पाठवायच्या आधी घरी आणली. आईला आत नीट दिसेना म्हणून आम्ही दोघींनी दोन टोकं धरून ती ओट्यावर नेली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आईनं आधी लांबून बघितलं. मग खाली बसली, अगदी जवळ, नाक लागेल इतकी. डोळे बारीक केले. कुलंगच्या कडेवरून बोट फिरवलं, हात न लावता. नेढ्यावरून खाली आली, फुलांवर आली, एकेक बघत डावीकडे सरकत गेली आणि कोपऱ्यात थांबली.

"हे एवढं एक हललंय," ती म्हणाली. "वारा होता का गं?"

"होता," मी म्हटलं.